सर्व्हर, काटा आणि मधला खांब

बिलालची नोकरी वाचली, सर्व्हर पडला नाही, आणि धामणगाव बढ्याच्या कपिलेश्वर जिनिंगमधला भरल्या गाड्या तोलणारा धरमकाटा माणसाचा हात न लागता वजन सांगायला लागला. हे सगळं झालं. पेपरात फोटोसकट आलं, फोटोत बिलालचा फक्त कान आला. पण आता यातलं काहीच झालेलं नाही असं धरून चला. कारण ज्या सोमवारी ही गोष्ट सुरू होते, त्या सोमवारी बिलालला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या खुर्चीवर हरभऱ्याच्या बियाण्याचं पोतं बसलेलं होतं.

पोतं सईदभाईंनी ठेवलं होतं. सईदभाई म्हणजे बुलडाण्यातल्या हिलाल इन्फोटेकचे मालक, आणि हिलाल इन्फोटेक म्हणजे पंक्चरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात बिलाल, डिंपल आणि एक सर्व्हर. तिघांनाही पंखा एकच, आणि तो सर्व्हरकडे वळवलेला.

"उचल न ते पोतं," डिंपल म्हणाली. ती मोताळ्याची. बिलालपेक्षा वर्षभर आधी लागलेली, त्यामुळे त्याला कामं सांगायचा हक्क तिला आपोआप मिळाला होता.

"ते खुर्चीवर बसेल हाय," बिलाल म्हणाला. "इशारा समजून राह्यलो मी."

सईदभाई आतून आले. "इशारा नाही बेटा, जागेची अडचन हाय. पन आता इशाऱ्याचं निघालंच हाय तं आयक. कॉम्प्युटर मानूस एकदा घेते अन दहा वर्सं त्याले शिव्या देते. बियानं दरसाल घेते अन दरसाल शिव्या देते. धंदा कोनता चांगला?"

बिलालला उत्तर माहीत होतं. बीटी कपाशी आल्यापासून जिल्ह्यात चपलांची दुकानं, भांड्यांची दुकानं, एक तर दातांचा दवाखाना, सगळे कृषी सेवा केंद्र झाले होते. दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची तशीच ठेवली होती. गिऱ्हाईक तीत आडवं पडून बियाण्याचा भाव ऐकायचं.

"धामनगावचं काम पास झालं," सईदभाई म्हणाले, "तं तालुक्यातल्या साऱ्या जिनिंगायचं काम आपल्यालेच. मंग या खोलीत प्रोग्रामच लिहिल्या जातीन. नापास झालं तं हे औषध-बियान्याचं दुकान, अन काउंटरवर तू. अळ्यायचे चार्ट आनून ठेवले मी."

बिलाल देऊळघाटचा. त्याला प्रोग्राम लिहिता यायचे, आणि दुसरं काहीच येत नसे. विकणं तर मुळीच नाही. मागे एकदा दुकानात कीबोर्ड मागायला आलेल्या माणसाला त्याने त्या कीबोर्डचे दोष इतक्या जिव्हाळ्याने सांगितले होते की माणूस नवा न घेता घरचा जुनाच दुरुस्तीला टाकून गेला. काउंटरवर आपण उभे आहोत आणि समोर अळीने खाल्लेलं बोंड घेऊन शेतकरी उभा आहे, हे चित्र डोळ्यांपुढे येताच त्याने पोतं उचलून खाली ठेवलं आणि कामाला बसला.

काम असं होतं. त्या वर्षी शिवारभर बीटी, आणि सगळ्यांची कपाशी एकदमच फुटलेली. जिनिंगसमोर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग शाळेच्या पलीकडे जायची. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आवाज दिल्लीपर्यंत गेला होता, तिथून पथकं यायची, बांधावर उभी राहून फोटो काढायची आणि शिफारशी करायची. अशाच एका समितीने ठरवलं की कापसाचं वजन काट्यावरून थेट सर्व्हरवर जावं आणि पावती निघावी, मधे कुणाचा हात नको. मधे हात आला की क्विंटलमागे दोन किलो उडतात असा शेतकऱ्यांचा अनुभव होता. दोनच का, असा हातवाल्यांचा सवाल. ज्या जिनिंगला हे जमेल तिथे खरेदी केंद्र. नाही जमलं तर बढ्याच्या लोकांनी बंड्या मलकापूरला न्याव्यात.

समितीतर्फे तपासायला येणार होते अविनाश साहेब. हे साहेब पुण्याला प्रशिक्षण घेऊन आले होते. प्रशिक्षण बरेच दिवस चाललं, साहेबांना त्यातली एक ओळ आठवत होती. तेवढ्या ओळीवर त्यांनी दोन तालुक्यांतली सॉफ्टवेअरं नापास केली होती.

ती ओळ स्पेसिफिकेशनमधली होती. स्पेसिफिकेशन म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रामांनी कसं वागावं याचा नियमग्रंथ. जाड, इंग्रजी, आणि अमेरिकेत बसून लिहिलेला. सर्व्हरवर जे लहान लहान घटक काम करतात त्यांना त्यात बऱ्याच गोष्टींची मनाई होती, एखाद्या नव्या सुनेला असावी तितकी. त्यात एक मनाई अशी की घटकाने नेटिव्ह कोडची लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा गठ्ठा, लोड करू नये. नेटिव्ह कोड म्हणजे थेट यंत्राच्या बोलीत उतरवलेला प्रोग्राम: जोरदार, वेगवान, पण सर्व्हरच्या शिस्तीबाहेरचा.

आणि काट्याचा आकडे दाखवणारा डबा तसल्याच एका लायब्ररीशिवाय कुणाशी बोलत नव्हता. काटा बनवणाऱ्या कंपनीने ती एका सीडीवर दिली होती आणि मग कंपनी बंद पडली होती. सीडीवरच्या नंबरला फोन लावला की आता एक मिठाईवाला उचलायचा. बिलालने त्याला सगळी अडचण सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि वजन किती हवं ते विचारलं.

"लोड करू नये, असं लिवेल हाय," डिंपल छापील पानावर बोट ठेवून म्हणाली. "लायब्ररीले हाक मारू नये, असं कुठं हाय?"

"लोड केल्याबिगर हाक कशी मारतं?"

"आपल्या घटकानं नाही लोड करायची. सर्व्हर सुरू होता होता दुसऱ्या कोनी करून ठेवायची. आपला घटक येते, पाह्यते, तं लायब्ररी आधीच बसेल हाय. बोलला तिच्याशी. गुन्हा कोनाचा?"

"म्हन्जे दारू आनली त्यानं, मी निसता प्यालो."

"मंग? पिनाराले पकडतेत का आननाराले?"

"वर्ध्यात दारूबंदी हाय, तिथं दोघायलेबी."

"अन बुलडान्यात?"

"बुलडान्यात कोनालेच नाही."

"मंग आपन कुठं बसेल हाओत?" डिंपल म्हणाली. अर्थ लागला. बिलालने प्रोग्राम लिहायला घेतला, आणि तो इतका भराभर लिहून झाला की लिहिताना तो गुणगुणत होता हे डिंपलने त्याला नंतर सांगितलं.

कपिलेश्वर जिनिंग हा कापसातली सरकी काढायचा कारखाना दोघा भावांचा. पेढीवर थोरले भगवंतराव, काट्याच्या केबिनमध्ये धाकटे अर्जुनराव. मधे पत्र्याचं छप्पर आणि ते तोलणारा एक जुना बिडाचा, ओतीव लोखंडाचा खांब. जिनिंगमध्ये पाऊल टाकताच हवेत उडणारा कापूस नाकात जातो. बिलाल शिंकत शिंकत आत आला आणि त्याने पहिलं जे ऐकलं ते हे:

"खांबा," भगवंतराव खांबाकडे बघून म्हणत होते, "या मानसाले सांग, कॉम्प्युटरवाले आले. केबिन उघडी ठेव म्हना."

"खांबा," अर्जुनराव केबिनमधून म्हणाले, "त्या मानसाले सांग, केबिन सकायपासूनच उघडी हाय. डोये उघड म्हना."

दोघांचा अबोला होता. बीटी पहिल्यांदा आली त्या साली बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचं एक लहान पाकीट निघालं आणि एक पत्रक. पत्रकात लिहिलं होतं, शेताभोवती या साध्या कपाशीच्या ओळी लावा, म्हणजे बोंडअळीला जगायला वेगळी जागा राहते आणि ती बीटीला सरावत नाही. भावांची वावरं एकाला एक लागून. थोरल्यांनी पत्रक वाचून अर्थ काढला की ओळी धाकट्याच्या बाजूने लावायच्या आहेत. धाकट्यांनी तेच पत्रक वाचून काढला, थोरल्याच्या. दोघांनी पत्रक तलाठ्याला दाखवलं, ग्रामसेवकाला दाखवलं, शाळेच्या हेडमास्तरला दाखवलं. ज्याला दाखवलं तो दोघांपैकी एकाचा शत्रू झाला. अखेर ओळी कुणीच लावल्या नाहीत, अळ्या दोन्ही वावरांत सुखाने नांदल्या, आणि त्या हंगामात पीक म्हणून काय ते अबोल्याचंच आलं. पण जिनिंग एक, काटा एक, हिशेब एक. बोलल्याशिवाय चालेना. म्हणून खांब.

बिलालला यात नवल वाटायला वेळ नव्हता. त्याने आणि डिंपलने पेढीत सर्व्हर मांडला, केबिनपर्यंत वायर ओढली, जनरेटर लावून घेतला, कारण भारनियमनाची वेळ होती, आणि ती कधी नसायची?

रांगेत पहिली बंडी अन्नपूर्णाबाईंची होती. तीन एकरांतला कापूस त्यांनी स्वतः वेचलेला, बैलही स्वतः हाकत आणलेले. बंडी काट्यावर चढली. केबिनमधल्या डब्यावर आकडे फिरले आणि थांबले, आणि तेच आकडे पेढीतल्या पडद्यावर उमटले, आणि प्रिंटरने करकर करत पावती बाहेर ढकलली. कुणी काही लिहिलं नव्हतं. कुणी काही सांगितलंही नव्हतं. डिंपलने बिलालच्या पाठीत धपाटा घातला, त्याने तो सन्मान म्हणून घेतला.

अन्नपूर्णाबाईंनी पावती उलटीसुलटी बघितली. "हे मशीननंच लिवलं? कोनाचा हात नाही?"

"कोनाचाच नाही, मावशी."

"हात नाही, तं मंग भांडू कोनाशी?"

एकामागून एक बंड्या चढत गेल्या, उतरत गेल्या. बिलाल दर पावतीला खुर्चीतून अर्धा उठत होता. आणि मग एका व्यापाऱ्याचा ट्रक आला. ट्रकात कापूस इतका ठासलेला की बाजूंनी लोंबत होता, आणि वर माणसं बसलेली, ती काट्यावर आल्यावर उतरतात ही रीत, पण आज मशीनचं नवल बघायला वरच थांबली. वजन काट्याच्या कुवतीबाहेर गेलं.

आता एखादी शहाणी लायब्ररी असती तर तिने म्हटलं असतं, जास्त होतंय. ही म्हणाली नाही. हिने तिथल्या तिथे मान टाकली. आणि ती सर्व्हरच्या पोटातच बसलेली असल्यामुळे तिच्याबरोबर सर्व्हरनेही टाकली. पडदा काळा. सर्व्हरवरच्या नोंदी गेल्या, हातातल्या पावत्यांना आधार उरला नाही, सकाळपासून चढलेल्या-उतरलेल्या बंड्या जणू गावात आल्याच नव्हत्या.

"मावशी," बिलाल बाहेर येऊन म्हणाला, "बंडी पुन्यांदा काट्यावर घ्यावी लागन."

"मशीनले हात नाही म्हने," अन्नपूर्णाबाई बैल वळवत म्हणाल्या. "डोस्कंबी नाही त्याले."

डिंपल वायरींकडे बघत बसली. "म्हून लिवेल हाय ते," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्यानं आनून ठेवली तरी पडली तं आपल्याच घरात पडली न. लोड कोन करते त्याचं नाही, बसते कुठं त्याचं हाय." बिलालने मान हलवली. त्याला अळ्यांचे चार्ट दिसायला लागले होते. गुलाबी अळी, हिरवी अळी, ठिपक्यांची अळी.

तेवढ्यात केबिनमध्ये स्फोट झाला. म्हणजे अर्जुनराव उठले.

"खांबा," ते म्हणाले, "त्या मानसाले सांग, ट्रक जास्त भरेल हाय. आधी अर्धा खाली कर म्हना. अन सांग त्याले, की कॉम्प्युटर आनायची अक्कल कोनी देली तुले, बापजन्मी कधी मशीन पाह्यली का, लगनात घड्याय भेटलं तं उलटं बांधून हिंडला हप्ताभर, अन..." इथून पुढे अर्जुनराव घराण्यात शिरले. आजोबांपर्यंत गेले. त्यांची टोपी पडली, आवाज फाटला, रांगेतले बैल कान टवकारून बघायला लागले.

भगवंतराव पेढीवर बसून चहा पीत होते. बशीत ओतून, फुंकर मारून. अर्जुनराव दमून बसले तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली आणि हमालांना म्हणाले, "ट्रक अर्धा खाली करा रे."

बिलाल त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, तुम्हाले राग नाही आला?"

"कायचा?"

"ते इतकं बोलले न तुम्हाले."

"मले कोन बोललं? खांबाले बोलला तो."

"पन तुम्ही आयकलं."

"कामाचं तेवढं आयकलं. ट्रक खाली करा, हे कामाचं. बाकीचं खांबापाशी राह्यलं." भगवंतरावांनी बशी पुन्हा उचलली. "समोरासमोर बोलला असता तं आज मीबी उठलो असतो. दोघंबी पडलो असतो. जिनिंग बंद."

बिलाल खांबाकडे बघायला लागला. मग केबिनकडे. मग पेढीकडे. मग तो डिंपलकडे धावला, आणि जिनिंगमध्ये धावायला बंदी आहे असं पाटीवर लिहिलेलं असूनही धावला.

"लायब्ररी सर्व्हरात ठेवायचीच नाही," तो म्हणाला. "मधात ठेवायची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर. तो काट्याशी बोलते, लायब्ररीच्या बोलीत. आपला घटक त्याले वायरीवर निसतं विचारते, वजन काय? तो सांगते. लायब्ररीनं मान टाकली तं तो कॉम्प्युटर पडते. पडू दे. आपला सर्व्हर चहा पीत बसते."

डिंपलने पानं चाळली. तिला पटलं होतं हे तिच्या कपाळावर दिसत होतं, पण सीनियर माणसाने लगेच पटू द्यायचं नसतं. "घटकानं लोड केली?"

"नाही."

"घटकाच्या घरात कोनी लोड केली?"

"नाही."

"मंग घटकानं केलं काय?"

"वायरीवर चौकशी."

तिने मनाईची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. "चौकशीवर मनाई नाही," ती म्हणाली, आणि मग तीही हसायला लागली, आणि दोघं कापसाच्या गंजीला टेकून इतका वेळ हसले की हमालांना वाटलं, मशीन बिघडल्याचं यांनी मनाला लावून घेतलं.

सरकीच्या गोदामात एक जुना कॉम्प्युटर पडलेला होता. तो बिलालने पुसला. केबिनपर्यंत ओढलेली वायर मधे तोडून दोन्हीकडे जोडायची होती, आणि मधे खांबच होता, म्हणून कॉम्प्युटर खांबालाच लोखंडी पट्टीने आवळला. मधला छोटा प्रोग्राम लिहिताना त्याने जेवण चुकवलं आणि ते चुकल्याचं त्याला दुसऱ्या जेवणाला कळलं. पडला तर त्याला उठवणारा आणखी एक प्रोग्राम डिंपलने लिहिला. वीज जायची, आणि जनरेटर सुरू व्हायच्या आत दोघांना पुढच्या ओळी तोंडपाठ झालेल्या असायच्या.

अविनाश साहेब आले ते जीपमधून. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, आत एकच पान, त्यावर एकच ओळ पिवळ्या पेनने रंगवलेली.

"नेटिव्ह कोड आहे का?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"आहे," बिलाल म्हणाला.

साहेबांचा चेहरा उजळला. आजवर सगळे नाही म्हणायचे आणि मग त्यांना शोधत बसावं लागायचं. "कुठे?"

बिलालने खांब दाखवला.

मग चाचणी झाली. बंड्यांची वजनं आली, पावत्या निघाल्या. साहेब म्हणाले, जास्त वजन घ्या. भगवंतरावांनी खांबाला सांगितलं, ट्रक घे म्हणा. ट्रक आला, पूर्वीसारखाच ठासलेला, वर माणसं बसलेली, यावेळी मुद्दाम जादा बसवलेली, कारण गावातल्या पोरांना सर्व्हर पडताना बघायचा होता. चाकं काट्यावर चढली. खांबावरच्या कॉम्प्युटरचा हिरवा दिवा गेला.

बिलालने पेढीकडे बघितलं. पेढीतला पडदा उजळच होता. 'काट्याकडून उत्तर नाही, पुन्हा विचारत आहे,' एवढंच त्यावर आलं. सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या जागच्या जागी. ट्रकवरची माणसं उतरली. खांबावरचा दिवा लुकलुकला, लागला, आणि पडद्यावर वजन उमटलं. ट्रकवरून उतरलेल्या पोरांनी निराशेने टाळ्या वाजवल्या.

"चालतंय," अविनाश साहेब म्हणाले. "पण पास नाही."

"काऊन?" डिंपलच्या तोंडून निघून गेलं.

"घटक खांबाशी बोलतो, खांबावरचा काट्याशी बोलतो. म्हणजे शेवटी घटकाचं बोलणं नेटिव्हपर्यंत पोहोचतंच. मार्फत बोलणं हेही बोलणंच."

बिलालला नियम दाखवता आला असता. पण साहेबांचं वाचन एका ओळीपलीकडे गेलेलं नव्हतं आणि आज जाणारही नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. "साहेब," तो म्हणाला, "या दोघा भावांचं बोलणं आहे का, ते विचारता का?"

साहेबांना प्रश्न विचारायला आवडायचं. "काय हो, तुमचं भावाशी बोलणं आहे?"

"नाही," भगवंतराव म्हणाले. "गाव साक्ष हाय."

"मग आत्ता ट्रक घ्या, हे त्यांना कसं कळलं?"

"खांबाले सांगलं मी."

"आणि खांबाने त्यांना सांगितलं?"

"खांब कसा सांगन, साहेब. तुम्ही शिकेल मानूस."

रांगेत हशा पिकला. साहेब केबिनकडे वळले. "तुम्ही तरी खरं सांगा. भावाचं ऐकलंत ना?"

अर्जुनराव सावकाश उभे राहिले. टोपी त्यांनी आधीच काढून ठेवली. "खांबा," ते म्हणाले, "साहेबाले सांग. मी त्या मानसाचा एक शब्द आयकेल नाही. अन साहेब म्हनत असतीन आयकला, तं मी हा चाललो घरी. काटा साहेबानं चालवावा."

बंड्यांची रांग शाळेपलीकडे होती. साहेबांनी काट्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं.

"लिवा न साहेब, बोलत नाही म्हून," अन्नपूर्णाबाई बंडीवरून म्हणाल्या. "तुम्ही लिवल्यानं ते थोडेच बोलायले लागतीन. आमचे बैल उभे हायेत."

साहेबांनी पेन काढलं. 'थेट संभाषण नाही,' त्यांनी लिहिलं, आणि सही केली.

बिलालने डिंपलला, डिंपलने एका हमालाला आणि हमालाने सवयीने पोत्याला मिठी मारली. बुलडाण्याला पोचले तेव्हा सईदभाईंनी सगळं बियाणं परत पाठवलेलं होतं. "मले मालूमच होतं," ते म्हणाले. अळ्यांचे चार्ट मात्र त्यांनी भिंतीवरच ठेवले. रंग चांगले होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मग मंजुरीचा आदेश आला.

अविनाश साहेब जे बघतात तेच लिहितात. आदेशात त्यांनी कपिलेश्वर जिनिंगची रचना 'मंजूर नमुना' म्हणून नोंदवली होती: बिडाचा खांब एक, त्यास लोखंडी पट्टीने आवळलेला संगणक एक, खांबाच्या दोन बाजूंस सख्खे भाऊ प्रत्येकी एक, परस्पर अबोला असलेले. तालुक्यातल्या सर्व जिनिंगांनी मंजूर नमुन्याप्रमाणेच व्यवस्था करावी, अन्यथा केंद्र रद्द.

मोताळ्याच्या जिनिंगमध्ये बाप-लेक होते, आणि त्यांचं फार गोडीचं. आदेश वाचून त्यांनी हंगामापुरतं बोलणं बंद केलं. आता ते खरंच बोलत नाहीत, आणि का ते दोघांनाही आठवत नाही. दुसऱ्या एका जिनिंगचा मालक एकटाच. त्याने भाऊ उपलब्ध करून द्यावा म्हणून तहसीलला अर्ज केला आहे. हिलाल इन्फोटेकच्या खाली पंक्चरवाल्याच्या शेजारी सईदभाईंनी वेल्डिंग मशीन बसवलं. बिलालची नोकरी वाचली ती अशी: आता तो खुर्चीत बसून खांबांची मापं काढतो, छपराची उंची लिहितो, पायाला सिमेंट किती ते सांगतो. प्रोग्राम एकदाच लिहायचा होता, तो लिहून झाला आहे. खांब मात्र दर जिनिंगला नवा लागतो.

तो साहेबांकडे गेला. खांब गरजेचा नाही, म्हणाला, मधला कॉम्प्युटर टेबलावरही चालतो.

"खांब नको असं स्पेसिफिकेशनमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा," साहेब म्हणाले.

बिलालने सगळा ग्रंथ पुन्हा वाचला. खांबाविषयी त्यात एक अक्षर नव्हतं, बाजूने नाही, विरोधात नाही. भावांविषयीही नव्हतं.

"मंग ज्यायनं लिवलं त्यायच्याकडूनच लिहून आन," डिंपल म्हणाली. बिलालने बसल्या बसल्या अर्ज केला, आणि अर्ज राजभाषेतच करावा असं सईदभाईंचं मत पडल्यामुळे मराठीत केला:

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व्हर घटक स्पेसिफिकेशन तज्ज्ञ समिती,
कॅलिफोर्निया, अमेरिका.

विषय: नेटिव्ह कोडविषयक मनाईच्या कलमास खुलासा जोडणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर मनाई आम्हांस मान्य असून तिचे पालन तालुकाभर बिडामध्ये होत आहे. तरी आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत सदर कलमाखाली असा स्पष्ट खुलासा करण्यात यावा की, घटक व नेटिव्ह कोड यांच्यामधील खांब हा ऐच्छिक आहे. तो उभारावयाचा झाल्यास त्याचे माप, पाया व रंग आपल्या समितीने निश्चित करून द्यावेत. आणि खांबाच्या दोन्ही बाजूंस सख्खे भाऊ उपलब्ध नसल्यास चुलत भाऊ, मेहुणे अथवा साडू यांचा अबोला ग्राह्य धरावा. सदर खुलासा कापसाची शेवटची वेचणी होण्यापूर्वी, आपल्या समितीच्या गोल शिक्क्यानिशी, तीन प्रतींत, मोताळा तहसीलमार्फत पाठवावा, ही नम्र विनंती.